बाय, रात्री बारानंतर मेल बघू नको

प्रिय समिधा,

रविवारी तू फोन ठेवलास तो रागाने की खरंच मीटिंग होती हे मी विचारत नाही. तुझी आई म्हणते मीटिंग होती. रविवारी रात्री साडेआठला कसली मीटिंग असते ते तिलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही, पण असो. फोनवर मला धड बोलता येत नाही, मी एक वाक्य जुळवेपर्यंत तुझी तीन होतात आणि तुळशीपाशी जाऊन उभं राहिल्याशिवाय रेंज येत नाही, म्हणून हे लिहून पाठवतोय. मोबाईलवरच टाइप करतोय, चष्मा लावून, एका बोटाने. सुयशने बोलून टाइप करायचं काहीतरी लावून दिलंय, पण मी भाटकार म्हटलं की ते भटकणार लिहितं, तेव्हा बोटच बरं.

आईने मला बीपीचं सांगितलं. तिच्यावर रागावू नको, तिच्या पोटात काही राहत नाही हे माहीत असूनच तू तिला सांगितलंस असं मला वाटतं. कंपनीच्या कॅम्पमध्ये दीडशे-शंभर आलं, डॉक्टर म्हणाला आठवड्यात परत तपासा, आणि तू परत तपासलं नाहीस. चौतीस वय आहे तुझं. पण त्यावर ह्या पत्रात मी काही लिहिणार नाही असं ठरवलंय. मंगेशमामाचं जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, तुला मी वेगळं काय सांगणार.

मला लिहायचंय ते त्या अप्रेजलबद्दल. तुझ्या साहेबाने म्हटलं की तू चांगली मॅनेजर आहेस पण लीडर म्हणून अजून दिसत नाहीस, आणि तेव्हापासून तू ते वाक्य धरून बसलीयेस. चवथीला आलीस तेव्हापण गणपतीवर फळांची माटोळी बांधताना तू तिसरंच काहीतरी बघत होतीस आणि विसर्जनाआधीच लॅपटॉप घेऊन बस पकडलीस. त्या ट्रेनिंगमध्ये म्हणे दोन रकाने काढून दाखवले, एका बाजूला लीडर, म्हणजे स्वप्न, प्रेरणा, बदल, धाडस, आणि दुसऱ्या बाजूला मॅनेजर, म्हणजे बजेट, रजा, तारखा, रिपोर्ट. पहिल्या रकान्याला सगळ्या टाळ्या आणि दुसरा रकाना गरिबाचा. आणि मी काहीतरी बोलायला गेलो तर तू म्हणालीस, बाबा तुम्हाला नाही कळणार, तुमच्या खाणीवर नुसतं मॅनेजमेंटच होतं.

लागलं मला, खोटं कशाला बोलू. मस्टर, टिप्परच्या फेऱ्या, कुठला माल प्लॉटवर पडला, कुठला जेटीवर गेला, कुठली बार्ज भरतीला सुटणार, हे सगळं ज्या टाइम ऑफिसात बसून मी केलं ते नुसतंच होतं हे कबूल. पण त्या नुसत्यावर तुम्हा दोघांची शिक्षणं झाली. आणि तुला आठवत असेल तर २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे मोठे साहेब आले होते, शेडमध्ये सगळ्यांना गोळा केलं, आपण एक कुटुंब आहोत असं भाषण झालं, भाषण छानच झालं, टिप्परवाले धट्टेकट्टे लोक रडले. ते साहेब महिन्याभरात दुसऱ्या राज्यात दुसऱ्या कंपनीत. आणि आमच्या अकाउंट्समध्ये एक माणूस होता, नाव लिहीत नाही, त्याला कोणी नमस्कारसुद्धा घालायचं नाही, सतत खोकायचा आणि कँटीनमध्ये एकटा बसायचा. त्याने पावसाळ्यातच वारा ओळखून प्रत्येक कामगाराचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, बँक खातं पीएफच्या कागदांशी जुळवून ठेवलं होतं, कोणी सांगितलेलं नसताना. आमच्या लोकांचे पैसे अडले नाहीत. शेजारच्या खाणीवरचे लोक एका स्पेलिंगसाठी पणजीच्या खेपा मारत बसले. आता त्या माणसाला कुठल्या रकान्यात घालायचं ते तुझ्या ट्रेनिंगवाल्याला विचार.

पण मला खाणीचं नाही सांगायचं, भाऊसाहेब बांदोडकरांचं सांगायचंय. तू म्हणशील झालं सुरू, आजोसारखे तुम्हीपण भाऊसाहेब भाऊसाहेब करायला लागलात. ऐक तरी. तुला शाळेत दयानंद बांदोडकर म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, जन्म १९११ पेडणे, मृत्यू १९७३, एवढंच पाठ करायला लावलं, परीक्षेत दोन मार्कांना. आपल्या घरात त्यांचा फोटो देवाच्या बाजूला का आहे हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीपण कधी नीट सांगितलं नाही.

आजो मुंडकार होता. म्हणजे घर आपलं, भिंती आपण लिंपलेल्या, आणि जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. भाटकाराने सांगितलं तर माडांना पाणी घालायचं, त्याच्या घरी लग्न असलं तर राबायला जायचं, आणि त्याची खप्पामर्जी झाली तर उठायचं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी आजोच्या आयुष्यात दुसऱ्या दिवशी फारसं काही बदललं नाही असं तो सांगायचा. बदललं ते १९६३ च्या डिसेंबरात, निवडणूक झाली तेव्हा. काँग्रेसला वाटलं होतं की मुक्ती आपण दिली म्हणजे मतं आपलीच, आणि गोव्यात त्यांना एक जागा मिळाली नाही, एकसुद्धा. सिंह ही मगोची, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची निशाणी, त्या सिंहावर शिक्का मारून आजोसारख्या लोकांनी मगोला निवडून दिलं आणि भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. बहुजन समाजातला माणूस, स्वतः खाणमालक असलेला, पण ज्यांच्या पायात वहाण नव्हती त्यांना तो आपला वाटत होता. हे असं कशाने होतं ते मला सांगता येणार नाही. तुझा पहिला रकाना आहे तो इथे लागू, मान्य.

मग गावोगाव मराठी शाळा आल्या. माझी पहिली देवळाच्या मंडपात भरायची, पाऊस तिरका आला की सगळे खांबाच्या एका बाजूला सरकायचो. मास्तर घाटावरचे होते, त्यांना आमची भाषा कळायची नाही आणि आम्हाला त्यांची, तरी शिकलो. आजो अंगठेबहाद्दर, आणि मी मस्टर लिहिणारा, आणि तू पुण्यात चाळीस माणसांची मॅनेजर. हे मी सगळ्यांना सांगतो हं, तुला नाही सांगत कधी. पोदेर सकाळी पाव घेऊन येतो त्यालापण माहीत आहे तुझ्या हाताखाली किती माणसं आहेत ते. तू मात्र त्या साहेबाच्या एका वाक्यावर रात्र रात्र जागतेस आणि

बघ, परत तिथेच आलो. सोड.

तर विलीनीकरण. मगो पक्षाचा मूळ मुद्दाच तो, गोवा महाराष्ट्रात घालायचा. आजो कट्टर विलीनवादी, भिंतीवर चुन्याने फूल काढलेलं होतं त्याने, कारण विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि वेगळं राहायचं असलं तर दोन पानं. विरोधात जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष. जनमत कौल घ्यायचं ठरलं तेव्हा विरोधकांनी आक्षेप घेतला की विलीनीकरणवालेच सरकारात बसलेले असताना कौल निःपक्षपाती कसा होणार. आणि डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांच्या सरकारने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. समिधा, तू जरा ह्याचा विचार कर. तीन वर्षं सत्तेत असलेला माणूस, ज्या एका गोष्टीसाठी पक्ष काढला ती गोष्ट मतदानाला टाकताना हातातली खुर्ची सोडतो. त्यामागे दिल्लीचा दबाव असेल, राजकारण असेल, मी काही त्यांना देव करत नाही, फोटो देवाच्या बाजूला असला तरी. पण सोडली. आजकाल कोणी सरपंचपद तरी सोडतो का बघ.

१६ जानेवारी १९६७ ला कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१. चौतीस हजारांनी हरले. आजो तीन दिवस कोणाशी बोलला नाही असं आजी सांगायची, मी तेव्हा पाचेक वर्षांचा, मला फक्त भिंतीवरचं फूल पुसल्याचं आठवतं, तेसुद्धा खरं आठवतं की ऐकून आठवतं कोण जाणे. आणि आता खरं सांगू का, आज आजूबाजूला बघितलं की वाटतं वेगळे राहिलो ते बरंच झालं. विलीन झालो असतो तर आपण एका मोठ्या राज्याचा एक कोपऱ्यातला जिल्हा झालो असतो. आजो असता तर हे वाक्य लिहिल्याबद्दल मला जेवायला मिळालं नसतं.

पण गंमत पुढे आहे. दोन-अडीच महिन्यांत, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या लोकांनी भाऊसाहेबांच्या मोठ्या स्वप्नाला नको म्हटलं त्याच गोव्याने त्यांना परत मुख्यमंत्री केलं, तीसपैकी सोळा जागा. म्हणजे लोकांनी स्वप्न नाकारलं आणि माणूस ठेवून घेतला. का? मला वाटतं, शाळा आलेली दिसत होती, आणि १९६४ च्या कूळ कायद्याने भाटकाराला पिकाच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त खंड घेता येत नव्हता, म्हणजे कणगीत भात जास्त राहत होतं. लोक भाषणाला टाळ्या देतात आणि मत कणगीकडे बघून देतात. आणि भाऊसाहेबही हरल्यावर रुसून घरी बसले नाहीत, जे आहे त्या गोव्याचं काम करायला लागले. कला अकादमी १९७० ची, त्याच काळातली. तुझा साहेब तुला लीडर म्हणून दिसत नाहीस म्हणाला ना, त्याला विचार, तो स्वतः शेवटचा कधी हरला आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला. नको, विचारू नको, नोकरी जाईल. गंमत करतोय.

आता दुसरी बाजू. हे आजोने मला कधी सांगितलं नाही, हे मी मोठा झाल्यावर माझं मी लावलं. भाऊसाहेबांचं सगळं भाऊसाहेबांभोवती फिरायचं. पक्ष म्हणजे भाऊसाहेब, सरकार म्हणजे भाऊसाहेब, कोणाचं काही अडलं की सरळ त्यांच्याकडे. लोकांना हे फार आवडायचं. पण आमदारांना आवडायचं नाही, आणि १९७० साली त्यांच्याच पक्षातले आमदार त्यांच्याविरुद्ध उठले. सरकार त्यातून वाचलं, १९७२ ला परत निवडून आले, पण सगळं एका माणसाच्या खांद्यावर ते राहिलंच. आणि १२ ऑगस्ट १९७३ ला, मुख्यमंत्री असतानाच, भाऊसाहेब गेले. बासष्ट वर्षांचे होते. आज मी त्यांच्यापेक्षा मोठा आहे, हे लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं आणि जरा वेळ मोबाईल खाली ठेवला.

मी अकरा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी शाळा सोडून दिली, पाऊस होता, आम्ही पोरं सुट्टी मिळाली म्हणून खूश, आणि घरी आलो तर आजो पडवीत बसलेला, चूल पेटली नव्हती. मिरामारला त्यांची समाधी आहे तिथे तुला आम्ही लहानपणी न्यायचो, तुला ती समाधी म्हणजे आईस्क्रीम खायची जागा वाटायची.

सगळं स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या माणसाचं हे असं होतं, बाय. बासष्ट काही जायचं वय नाही. आणि चौतीस तर दीडशे-शंभरचं वय अजिबातच नाही. मी आईला विचारलं तर म्हणते तुझ्या टीममधल्या मुलांच्या चुका तू रात्री बसून स्वतः दुरुस्त करतेस, म्हणजे सकाळी वरच्यांना सगळं नीट दिसावं. हे लीडरपण का? माझ्या मते हे मॅनेजरपणसुद्धा नाही, ही हमाली आहे. चिडू नको. वाटलं ते लिहिलं.

भाऊसाहेबांनंतर ताई आल्या. शशिकला काकोडकर, त्यांचीच मुलगी, ३८ वर्षांच्या, गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. तुझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठ्या होत्या तेव्हा, विचार कर. बापाची लोकप्रियता त्यांना वारशाने मिळाली असं लोक म्हणतात, मला वाटतं त्यांना बापाचं अर्धवट राहिलेलं काम वारशाने मिळालं. भाऊसाहेबांनी आजोला सांगितलं होतं की हे घर तुझं, म्हणजे आजोला एकट्याला नव्हे, सभेत सगळ्यांनाच. पण सभेत सांगितलं म्हणून घर आपलं होत नाही. त्याला कायदा लागतो, कलम लागतं, मामलेदार लागतो, रजिस्टर लागतं, मोजणी लागते. मुंडकार कायदा १९७५ चा, ताईंच्या वेळचा. गावात घर आणि भोवतालची तीनशे चौरस मीटर जागा मुंडकाराला विकत घेता येईल, पालिकेच्या हद्दीत दोनशे. आणि कूळ कायद्याला १९७६ ची पाचवी दुरुस्ती, कसेल त्याची जमीन, तीपण ताईंचीच. ती कोर्टात कितीतरी वर्षं लोंबकळली ते वेगळं. आता सांग, आजोला घर कोणी दिलं? सिंहाच्या सभेत गर्जना झाली तिने की तीनशे चौरस मीटर लिहिणाऱ्या त्या कलमाने? आजो मरेपर्यंत म्हणायचा भाऊसाहेबांनी. ताईंचा फोटो आपल्या घरात नाही.

आणि मीसुद्धा काय केलं, १९७८ मध्ये बसचं तिकीट विद्यार्थ्यांना अर्धं करा म्हणून आंदोलन झालं ते ताईंच्याच सरकारविरुद्ध, आणि मी अकरावीत, गेलो घोषणा द्यायला. आजोने रात्री दार उघडलं नाही. भाऊसाहेबांच्या लेकीविरुद्ध ओरडून आलास, गोठ्यात झोप म्हणाला. झोपलो. आजीने मध्यरात्री पेज आणून दिली. आता वाटतं तिकीट अर्धं व्हायला पाहिजेच होतं, आणि ताईही काही वाईट नव्हत्या, दोन्ही खरं. १९७९ ला त्यांच्याच माणसांनी साथ सोडली आणि सरकार पडलं, आणि त्यानंतर मगोला कधी स्वतःच्या बळावर सत्ता मिळाली नाही ती आजतागायत नाही. भाऊसाहेबांनी माणसं जमवली खूप, पण आपल्यामागे चालेल असा पक्ष बांधून ठेवला नाही, असं माझं मत. आजोच्या फोटोकडे पाठ करून लिहितोय हे.

आपल्या घराच्या कागदाचं तर तुला माहीतच आहे, तू स्कूटरवर पुढे उभी राहून यायचीस माझ्याबरोबर त्या कचेरीत, मी आत जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी हेलपाटे घालायचो आणि तू बाहेर भजी-पाव खात बाकावर. फाईल एकदा हरवली, एकदा सापडली ती दुसऱ्याच कोणाच्या फाईलीत, एकदा साहेब बदलून गेले आणि नवीन साहेबांनी पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. तिथे एक क्लार्क बाई होती, ती तुला पेपरमिंट द्यायची, आठवतं का. शेवटी तिनेच मला सांगितलं की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी या, हातात जुन्या पावत्यांची झेरॉक्स ठेवा, आणि काही बोलू नका, फक्त समोर बसा. त्या बाईच्या सांगण्याने काम झालं. आजो तेव्हा नव्हता. कागद त्याच्या नावाने कधी आला नाही, माझ्या नावाने आला.

मी काय सांगत होतो? हां, तुझा दुसरा रकाना. गरिबाचा.

तुला एक गोष्ट आठवण करून देतो जी तू विसरलीस बहुतेक. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा तू घरून काम करत होतीस. पाणी वाड्यात शिरलं, सगळे आरडाओरडा करत होते, मी पण, सुयश तर व्हिडिओ काढत होता. आणि तू काय केलंस, भिंतीवरचं कालनिर्णय काढलंस आणि त्याच्या मागे नावं लिहायला बसलीस. मला आधी राग आला की ही काय लिहीत बसली आहे. कोणाच्या घरी म्हातारं माणूस, कोणाची इन्शुलिन फ्रीजमध्ये, कोणाची गुरं सोडायची राहिली, कोणाला पोहता येतं, कोणाकडे ट्रॅक्टर. मग त्या बारक्या पोरांना, जी नुसती पाणी बघायला उभी होती, एकेकाला एकेक घर दिलंस. तू स्वतः पाण्यात गेलीसुद्धा नाहीस, पायरीवर उभी राहून खुणा करत होतीस. भाषण नाही की काही नाही. संध्याकाळपर्यंत सगळा वाडा देवळाच्या अग्रशाळेत होता आणि पात्रांवांची आई औषधांसकट होती. दुसऱ्या दिवशी पंचायतीचे लोक फोटो काढायला आले तेव्हा तू वर झोपली होतीस. गाढ. आईने उठवू दिलं नाही कोणाला.

त्या दिवशी तू लीडर होतीस की मॅनेजर मला माहीत नाही, मला फक्त एवढं दिसलं की काम तू वाटून दिलंस. एकेकाला एकेक घर. आणि झोपलीस. मग आता पुण्यात चाळीस माणसं असताना सगळी घरं तू एकटीच का उपसतेस? तो जो नवीन मुलगा आहे, नागपूरचा, ज्याचा रिपोर्ट तू रात्री एकला नीट करतेस, त्याला कळतं तरी का की तो चुकला होता? त्याला चुकू दे, सकाळी समोर बसव, त्याच्याकडूनच करून घे, एक दिवस उशीर झाला तर होऊ दे, वर सांग की उशीर झालाय. वरच्यांना सगळं आयतं नीट दिसत राहिलं तर त्यांना तू दिसणारच कशी, त्यांना वाटणार हे आपोआपच होतंय. रजा घेतली की फोन बंद ठेव आणि कामं आधीच कोणाला तरी नेमून ठेव, नावानिशी, लिहून, कालनिर्णयाच्या मागे लिहिलंस तसं. जेवताना लॅपटॉप उघडा ठेवू नको. कॉफी दुपारी चारनंतर बंद. सकाळी चालायला जा, जिम-बिम नको, नुसतं चाल. मीठ कमी कर. आणि त्या साहेबाला

बरं, बरं. लेक्चर झालं. तू म्हणतेस तसंच झालं, बाबा पहिली पाच मिनिटं बरे बोलतात आणि मग टाइम ऑफिस सुरू करतात. राग मानू नको. रागावलीस तरी चालेल, पण जेवून रागाव. तुला टीम चालवायला मी शिकवायला नको, मला एक्सेल येत नाही. मला भीती वाटते एवढंच आहे. मंगेशमामा पण म्हणायचा एवढं क्वार्टर संपू दे मग दाखवतो डॉक्टरला. तेव्हा मी त्याला काही बोललो नव्हतो, तो माझ्यापेक्षा हुशार होता, मोठ्या पगाराचा होता, मेव्हणा होता, बोलणार कसं. तुला बोलू शकतो म्हणून बोलतोय.

आणि अप्रेजलमध्ये पुढच्या वर्षी काय लिहितील ते लिहोत. लीडर लिहिलं तर पेढे वाटीन, नाही लिहिलं तरी वाटीन, पोदेराला काय फरक कळतोय. तुला जर मनातून वाटत असेल की आपल्याला पुढे उभं राहायचंय, लोकांना काहीतरी नवीन दाखवायचंय, तर राहा की, कोण अडवतंय, तुझ्यात ते आहे हे मी पायरीवर बघितलंय. फक्त त्या माणसाने म्हटलं म्हणून नको. आणि हातातलं जे येतं ते कमी समजून नको.

आता कामाचं. शुक्रवारी रात्री म्हापशाहून जी बस सुटते तिच्यातून पार्सल पाठवतोय. उकडे तांदूळ, सोलां, थोडे काजू आणि कुळागरातली केळी, केळी कच्ची आहेत, पेपरात गुंडाळून ठेव. आईला खारे बांगडे आणि तोराचं लोणचं घालायचं होतं, मी मिठाचं कारण सांगून काढून ठेवलं, पण पार्सल बांधताना ती एकटी होती तेव्हा मला खात्री नाही. निघालं तर घरमालकिणीला दे. बीपीचं मशीन सुयशने ऑनलाइन मागवलंय तुझ्या पत्त्यावर, ते आलं की रोज सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून मग माप, हात टेबलावर ठेवून. आकडा मला पाठवू नको, मी काहीतरी बोलेन. आईला पाठव, ती मला सांगेलच.

बस तिकडे पहाटे पोचते, ड्रायव्हरचा नंबर आई व्हॉट्सअ‍ॅप करेल. तू उठून जाऊ नको, त्या नागपूरच्या मुलाला पाठव, त्याला म्हणावं अर्धी केळी तुझी.

तुझा,
बाबा

ता. क. तांदूळ दोनदा निवडून घे, गिरणीवाल्याने ह्यावेळी खडे ठेवलेत.